टेक्सासातली रानडुकरं आणि कमरेचं पिस्तूल

टेक्सासात रानडुकरांपासून बचावासाठी जवळ पिस्तूल ठेवायचंय? आधी व्हिसा बघा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर नुसती बंदूक बाळगणंही अमेरिकी कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवाना असला तर सूट मिळते. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. टेक्सासात २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला परवाना लागत नाही. म्हणून बरेच एच-१बीवाले तो काढतच नाहीत, बंदुकीची सूट हुकते आणि नेमके इथेच फसतात.

आता हत्यार. घरात ९ एमएमचं पिस्तूल आहे? रिकाम्या हातापेक्षा बरं. पण मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट कवच असतं; पसरणारी हॉलो पॉइंट गोळी तिथेच अडू शकते. कडक शिशाची, चपट्या तोंडाची गोळी खोल जाते. मला १० एमएमचं ग्लॉक २० पिस्तूल सोयीचं वाटतं, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या बसतात. ३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरही उत्तम. त्याहून जोरकस ४४ मॅग्नमचा नवख्यांना फार मोह. पहिल्याच बाराला हात असा उसळतो की दुसरा देवाच्या भरवशावर.

होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, छातीवरचं घ्या, ट्रिगर पूर्ण झाकणारं. वाकून कुंपणाची तार ओढताना कमरेचं पिस्तूल शर्टात अडकतं.

आणि हो, डुकरं बहुधा पळूनच जातात. जपून राहायचं ते पिल्लांवाल्या मादीपासून आणि जखमी नरापासून. कुत्रा मोकळा सोडू नका. तो डुकराला डिवचतो आणि त्याला मागे घेऊन थेट तुमच्याकडेच धावत येतो.