शीफ टॉस : हातांनी ओढू नकोस, पायांनी उडव

शीफ टॉस म्हणजे लांब दांड्याच्या, दाते असलेल्या शेतकी काट्याने पेंढी उंच आडव्या दांडीवरून उडवणं. तुझी पेंढी दांडीच्या खालून जाते, याचं कारण ताकद कमी हे नाही. तू ती हातांनी उचलतोस, हे आहे.

स्कॉटिश हायलँड गेम्समधला हा खेळ आला शेतातूनच. आपल्याकडे कडब्याच्या पेंढ्या गंजीवर चढवतात, तसाच. इथे पेंढी म्हणजे पेंढा भरलेली गोणपाटाची पिशवी, पुरुषांसाठी साधारण 16 किंवा 20 पौंडांची, म्हणजे सात ते नऊ किलो. एवढं वजन नुसते खांदे किती वर नेणार?

आधी काटा बघ. दाते फार खोल खुपसलेस तर पिशवी अडकते आणि उशिरा सुटते. वजनाच्या मध्याजवळ, धरून राहील इतकेच घाल. मग दांडीकडे पाठ करून उभा राहा, काटा बाजूने खाली झुलव. हात दोरीसारखे सैल. पिशवी मागे जाताना भार मागच्या पायावर, गुडघे वाकलेले. ती खाली येऊन वर निघाली की पाय आणि कंबर एकदम सरळ कर, टाचा उचल. हात शेवटी येतात, खांद्यावरून वर. लवकर सुटली तर पिशवी तुझ्या पुढ्यात पडते, उशिरा सुटली तर सपाट मागे जाते. दोन्ही वेळा जोर वाढवू नकोस, फक्त सुटण्याची वेळ बदल.

आणि दांडीकडे लवकर मान वळवू नकोस रे! मान वळली की खांदा उघडतो, झोका तुटतो. मला ही सवय मोडायला फार वेळ लागला.

प्रत्येक उंचीला तीनच प्रयत्न मिळतात, म्हणून सुरुवात सहज जमेल अशा उंचीपासून कर. सरावात खाली कोणी उभं नाही ना, हे दर वेळी बघ.