आजीची मालवणी आणि ऑनलाइन मराठी

प्रश्न : बाई, मी वेंगुर्ल्याची, सध्या पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी बोलते, पण पानभर लिहायचं म्हटलं की अडते. आजीची मालवणी कळते, बोलता येत नाही. ऑनलाइन शिकावं म्हणते, तर होस्टेलवरच्या मैत्रिणी म्हणतात, आपली भाषा कोणी ऑनलाइन शिकतं का? काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : जरूर शीक. माझ्याकडे कुडाळ-मालवणची कॉलेजची मुलं येतात, त्यांच्यातही हेच दोन तट आहेत. एकजण म्हणाला, वर्गात ‘ण’ चुकला की हसतात, मोबाइलसमोर हवं तितक्यांदा चुकता येतं. मला ते पटलं. त्या वयात आपल्याच भाषेत चुकणं फार लागतं. एक मुलगी म्हणाली, धड्यांतलं बोलणं सगळं पुण्याचं, आमच्या घरातलं त्यात काहीच नाही. तिचंही खरं आहे.

लिहिण्याचा सराव ऑनलाइनच कर. फक्त रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवू नकोस. त्यात ऱ्हस्व-दीर्घ बरेचदा मोबाइलच ठरवतो. इनस्क्रिप्ट हा थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड घे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि वेलांटी पहिली की दुसरी ते तुझं तुलाच ठरवावं लागतं. वाचायला मराठी विश्वकोश फुकट आहे.

मालवणीसाठी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघड. १९३२ पासून त्याचे खंड निघाले. शब्दांपुढे (राजा.), (कु.), (गो.) अशा खुणा दिसतील : राजापूर, कुडाळ, गोवा. आपल्या बाजूचे शब्द त्या लोकांनी किती आस्थेनं टिपलेत, ते बघच.

हेल मात्र आजीकडूनच घ्यायला हवा. तिला विचारून फोन रेकॉर्ड कर. विषय एकच दे, आगोटीची म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी. सुकी मासळी, कोकम, लाकडं, बोलता बोलता ती कुठच्या कुठे जाईल. मग ते तिच्याच शब्दांत, देवनागरीत उतरव. आणि ती ‘काय करतंस?’ म्हणाली की ‘जेवतंय’ म्हण, प्रमाण मराठीत उत्तर देऊ नकोस. मालवणी गावठी दिसते म्हणून मुलांशी ती बोलणंच सोडलेली घरं मी पाहते, फार वाईट वाटतं.

पहिलं पान झालं की मला पाठव. शुद्धलेखन मी बघते. मालवणी आजीला वाचून दाखव.