विचारा की! : समुद्र, शाळा आणि सातासमुद्रापलीकडचे दोस्त

गेल्या अंकात मी सहज लिहिलं होतं की आमच्या शाळेने परदेशातल्या एका शाळेसोबत समुद्राचा प्रोजेक्ट केला आणि त्यातनं मुलांपेक्षा मीच जास्त शिकले. त्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. दहावीच्या मार्कांचे प्रश्न पुढच्या वेळी, रागावू नका.

प्रश्न: ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते, सातवीला १९ मुलं आहेत. शाळेपासून समुद्र दहा मिनिटांवर. मला परदेशी शाळेशी जोडून घ्यायचंय पण आमच्याकडे ना लॅब ना धड नेट, आणि मुलांना इंग्रजी बोलायची भीती. सुरुवात कुठून करू?

उत्तर: बाई, लॅब दहा मिनिटांवर आहे की तुमची! आधी माझी फजिती सांगते म्हणजे तुम्ही तीच करणार नाही. पहिल्या वर्षी आम्ही युरोपातली एक शाळा गाठली. महिनाभर मुलांकडून "सेव्ह ओशन" ची पोस्टरं करून घेतली, गाणं बसवलं, नऊवारी-फेटे सगळं, आणि मार्च संपता संपता दुपारी तीनला व्हिडिओ कॉल ठरला. आम्ही बरोब्बर तीनला हजर आणि समोर कोणीच नाही. तिकडे त्याच रविवारी घड्याळं एक तास पुढे केलेली, ती मुलं तासभर आमची वाट बघून घरी गेली होती. नंतर परत कॉल झाला, त्यांनी गाणं म्हटलं, आम्ही गाणं म्हटलं, सगळ्यांनी हात हलवले, संपलं. समुद्राबद्दल कोणाला काही नवीन कळलं का? काहीही नाही. ते स्नेहसंमेलन होतं, फक्त स्क्रीनवरचं.

दुसऱ्या वर्षी डोकं ठिकाणावर आलं. दोन्ही शाळांनी एकच गोष्ट, एकाच पद्धतीने मोजायची आणि आकडे एकमेकांना पाठवायचे, बास. यात नवीन काही नाही, युनेस्कोचा सँडवॉच नावाचा उपक्रम १९९९ पासून हेच करतोय. कॅरिबियन बेटांवरच्या शाळांपासून सुरू झाला, मग हिंदी महासागर आणि पॅसिफिकमधली बेटंही आली. मुलं आपापल्या किनाऱ्यावर जाऊन पुळणीची, म्हणजे वाळूच्या किनारपट्टीची रुंदी, वाळू, लाटा, प्रवाह, कचरा मोजतात, त्याचा अर्थ लावतात, इतरांना सांगतात आणि मग गावात काहीतरी करून दाखवतात. त्यांची पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते.

तुम्ही फक्त पुळणीच्या रुंदीपासून सुरुवात करा. एक पक्की न हलणारी जागा धरा, देवळाचा ओटा किंवा शाळेची भिंत, सुरूचं झाड नको, ते एखाद्या वादळात आडवं झालं की सगळी मोजमापं बोंबलली. तिथून भरतीच्या रेघेपर्यंत टेप लावायचा. भरतीची रेघ म्हणजे शेवाळ, काटक्या, बाटल्यांची ती ओळ असते ना ती. महिन्यातून एकदा, शक्यतो पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत, ओहोटीच्या वेळी. वेळ काढायला अ‍ॅप कशाला, घरी आजोबांना विचारायला सांगा, कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतातच, अष्टमीला आठ पाऊणे सहा म्हणजे सहाच्या आसपास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. आमच्या मुलांनी हे गणित परदेशातल्या जोडीदार शाळेला पाठवलं तेव्हा तिकडच्या सरांचा तीन ओळींचा मेल आला, त्यात पाच उद्गारचिन्हं होती.

इंग्रजीचं म्हणाल तर १४.२ मीटर हे सगळ्या भाषांत १४.२ मीटरच. आणि जोडीदार शोधताना इंग्लंड-अमेरिकाच कशाला पाहिजे? मला विचाराल तर मॉरिशस बघा. तिथल्या मुलांची घरची भाषा क्रिओल, इंग्रजी त्यांचीही शाळेत शिकलेलीच, त्यामुळे कोणी कोणाला हसत नाही. वर तिथे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोकणातून, घाटावरून गेलेल्यांची वस्ती आहे, गणपती बसतात आणि सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकायची सोयसुद्धा आहे. वेळेत फरक फक्त दीड तासाचा, तुमचे अकरा वाजले की त्यांचे साडेनऊ. कॅरिबियन बेट धरलंत तर साडेनऊ तासांचा फरक, मग कोणीतरी एक शाळा कायम पेंगलेली.

आता खरी मजा कुठे येते सांगते. तुमच्या रत्नागिरीत पांढरा समुद्र आणि काळा समुद्र आहेच. काळ्या वाळूत जड खनिजं असतात, लोहचुंबक फिरवलं की काही कण टपाटप चिकटतात. मॉरिशसची वाळू बहुतेक प्रवाळाची आणि शिंपल्यांची, तिच्यावर लिंबू पिळलं की फसफसते, कारण ती चुनखडीच्याच जातीची. दोन्हीकडच्या मुलांनी लिंबू आणि लोहचुंबक दोन्ही करून बघायचं आणि फोटो पाठवायचे. आमच्याकडे त्यातनं लगेच प्रश्न आला की बाई, समुद्रच आंबट झाला तर त्यांची वाळू विरघळेल का? हा प्रश्न मी शिकवून आला नसता हो. मग सांगता आलं की आपण हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव भाग समुद्र पितो, त्याने पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) कारखाने-पूर्व काळातल्या ८.२ वरून ८.१ च्या आसपास आलाय. ऐकायला एवढंसं पण हे माप भूकंपाच्या रिश्टरसारखं, एका अंकाला दहापट असं चढतं, म्हणजे आम्लता २५-३० टक्क्यांनी वाढली. समुद्र अजून लिंबू झालेला नाही, अल्कलीच आहे, हेही सांगा, नाहीतर मुलं पाण्यात जायला घाबरतील. प्रवाळ आणि शिंपल्यांना कवच बांधायला मात्र आत्ताच जड जातंय.

प्रश्न: आमच्या गावची पुळण गेल्या पावसात निम्मी वाहून गेली. मुलांनी मोजून प्रोजेक्टमध्ये "हवामान बदलामुळे किनारा नष्ट" असं लिहिलंय आणि ते परदेशी शाळेला पाठवणार आहेत. बरोबर आहे ना?

उत्तर: थांबवा त्यांना! पावसाळ्यात मोठ्या लाटा वाळू ओढून आत नेतात आणि दिवाळीनंतर शांत लाटा ती परत आणून टाकतात, कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा. एका पावसाच्या मापावरून हवामान बदल म्हणता येत नाही, हवामानाची सरासरीच मुळात ३० वर्षांची धरतात. जूनच्या आधी आणि नोव्हेंबरनंतर अशी दोन्ही मापं घ्या, दरवर्षी घ्या, पुढच्या सातवीला वही सोपवा. आणि वाळू परत आली नाही तर कारण आधी जवळ शोधा, नवी जेट्टी झाली का, धूपप्रतिबंधक बंधारा घातला का, खाडीतून वाळूउपसा चालू आहे का. समुद्राची पातळी वाढतेय यात वाद नाही, १९०१ ते २०१८ मध्ये जगात सरासरी २० सेंटिमीटर वाढली आणि वेग वाढतोय. पण सगळ्याचं खापर तिच्यावर फोडलं की जेट्टीवाला सुटतो. मुलांना हे एवढं कळलं तरी प्रोजेक्ट वसूल.

प्रश्न: मी नेदरलँड्समध्ये राहते, मुलगा इथल्या शाळेत सहावीत. त्यांच्या शाळेत ई-ट्विनिंगवर समुद्राचा प्रोजेक्ट चालतो. माझं माहेर पेणजवळचं. माहेरच्या शाळेला त्यात घेता येईल का?

उत्तर: ई-ट्विनिंग हा शाळांना ऑनलाइन जोडणारा उपक्रम २००५ पासून युरोपातल्या आणि आजूबाजूच्या काही देशांतल्या शाळांसाठी आहे, त्यात आपली शाळा बसत नाही. पण तुम्हाला त्या प्लॅटफॉर्मची गरजच काय? दोन शिक्षकांची ओळख करून द्या, साधा ईमेल पुरतो. आणि विषय तर तुमच्या पायाशी आहे! डच लोकांचा सुमारे पाव देश समुद्रसपाटीच्या खाली, डाइकच्या म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधांच्या भरवशावर. १९५३ च्या वादळात तिथले डाइक फुटले आणि १८३६ माणसं गेली, त्यानंतर त्यांनी डेल्टा वर्क्स ही धरणं-बांधांची मोठी साखळी उभारली. आणि तुमच्या माहेरी, पेण-अलिबागच्या खारेपाटात, लोक कधीपासून मातीचे बांध घालून खाडीचं पाणी बाहेर ठेवतायत आणि उधाणाला बांधाला खांड गेली की भातशेती खारी होऊन बसते, पुढे काही वर्षं तिथे धड पीक येत नाही. दोन्हीकडच्या मुलांनी एवढंच विचारायचं, तुमचा बांध कशाचा, किती उंच, दुरुस्ती कोण करतं, पैसे कोण देतं. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं ऐकून डच मुलं चाट पडतील. किंवा पेणची पडतील.

प्रश्न: मुलांचे फोटो परदेशात पाठवायला पालक नाही म्हणतात.

उत्तर: बरोबर म्हणतात. हात, पाय, टेप, वाळू, वही यांचे फोटो पाठवा. चेहरे नकोत, पूर्ण नावं नकोत, कॉल शिक्षकांच्या फोनवरून, आणि पालकांची लेखी परवानगी आधी. आणि हो, पावसाळ्यात मुलांना पाण्याजवळ नेऊ नका, प्रोजेक्ट गेला उडत.

प्रश्न: मी निवृत्त इंजिनियर. उपग्रह, बोया, सुपरकॉम्प्युटर असताना पोरांनी टेप लावून मोजलेल्या आकड्यांना विचारतो कोण? हा सगळा वेळ वाया घालवणं आहे असं माझं स्पष्ट मत.

उत्तर: काका, निम्मं पटतं. समुद्राच्या पोटातलं तापमान मोजायला अर्गो नावाची सुमारे ४००० तरंगती यंत्रं जगभर सोडलीत, ती २००० मीटर खोल जातात आणि साधारण दर १० दिवसांनी वर येऊन आकडे उपग्रहाला सांगतात. पृथ्वीवर अडकलेली जास्तीची उष्णता ९० टक्क्यांहून जास्त समुद्रात गेलीये हे आपल्याला अशाच मोजणीतून ठामपणे सांगता येतं, आमच्या सातवीच्या टेपमुळे नाही. पण आमच्या गावच्या दोनशे मीटर पुळणीवर दर महिन्याला कोण येतंय मोजायला? तिथे आमची वहीच काय ती. आणि शाळांच्या आकड्यांना अगदीच कोणी विचारत नाही असंही नाही, ग्लोब नावाचा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे, पाठीशी नासा, शंभराहून जास्त देश, भारतही २००० पासून त्यात आहे. त्यात मुलांनी ढग, पाण्याचं तापमान, गढूळपणा ठरलेल्या पद्धतीने मोजायचा आणि एका सामायिक डेटाबेसमध्ये भरायचा.

बाकी तुम्ही इंजिनियर ना, मग एक काम करा की, जवळच्या शाळेत जाऊन पाण्याचा गढूळपणा बघायची तबकडी करून द्या. पांढरी-काळी रंगवलेली थाळी, खाली वजन, वर खुणा केलेली दोरी, दिसेनाशी झाली की खोली लिहायची. सेकी नावाच्या इटालियन पाद्र्याने १८६५ मध्ये ही युक्ती वापरली होती, अजून चालते. तुम्ही नको म्हणालात तरी तुमचं नाव मी तिकडच्या बाईंना सुचवणार आहे.

प्रश्न: मॉरिशसच्या शाळेशी आमचं जमलंय पण वेळापत्रकच जुळत नाही. त्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि आमच्या इथे तेव्हा गॅदरिंग. काय करावं?

उत्तर: अहो, उलट हेच वापरा. ते दक्षिण गोलार्धात, तुमचा मे तो त्यांचा थंडीकडे झुकलेला. त्यांची चक्रीवादळं साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आपली अरबी समुद्रातली मुख्यतः मे-जून आणि मग ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे जानेवारीत त्यांनी तुम्हाला वादळाची डायरी पाठवायची आणि जूनमध्ये तुम्ही त्यांना. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहिल्या, आणि आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. दोन्ही वादळांची उपग्रह चित्रं शेजारी लावा आणि मुलांना फरक शोधू द्या. आपलं वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, त्यांचं घड्याळासारखं. आमच्या वर्गात एकाला हे दिसलं आणि तो बाकावर उभाच राहिला. भरती-ओहोटीचीही तुलना करा, मुंबईत मोठ्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर भरती जाते आणि मॉरिशसला पाणी मीटरभरही वरखाली होत नाही, त्यांच्या मुलांना "ओहोटीला पाणी अर्धा किलोमीटर आत जातं" हे पटतच नव्हतं, व्हिडिओ पाठवावा लागला.

प्रश्न: मी सहावीत आहे. मी बाटलीत चिठ्ठी टाकून समुद्रात सोडली तर ती मॉरिशसला जाईल का?

उत्तर: अरे वा, तुझ्या वयाच्या मुलांनी खरंच असं केलंय, फक्त बाटली नाही, होडी. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या राय गावच्या शाळेने जवळजवळ सहा फुटी बिनमाणसाची शिडाची होडी बनवली, तिच्यात जीपीएस बसवला, मुलांचे फोटो, झाडांची पानं आणि सगळ्यांच्या सह्या केलेला मास्क ठेवला, कारण ते कोरोनाचं वर्ष होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये ती अटलांटिकमध्ये सोडली. मधे कित्येक दिवस तिचा पत्ताच नव्हता. ४६२ दिवसांनी, १३००० किलोमीटरहून जास्त फिरून, ती नॉर्वेतल्या स्मोला बेटाजवळ सापडली, आणि कोणाला? तिथल्या एका सहावीतल्याच मुलाला! खालचा कणा तुटलेला, अंगभर कवचवाले समुद्री जीव चिकटलेले, पण आतला माल शाबूत. मग दोन्ही शाळांनी कॉल करून गप्पा मारल्या.

तुझ्या बाटलीचं मात्र अवघड आहे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळचा प्रवाह दक्षिणेकडे जातो, हे तुझ्या बाजूने. पण वारा आणि लाटा सगळं किनाऱ्याकडे ढकलतात, मुंबईत उधाणाच्या भरतीला समुद्र सगळा कचरा मरीन ड्राइव्हवर परत आणून टाकतो ते बघितलंस ना टीव्हीवर, तसंच. तुझी बाटली बहुतेक शेजारच्या गावात सापडेल, आणि प्लास्टिकची असेल तर तुझ्या बाईंचा ओरडा मिळेल तो वेगळाच. त्यापेक्षा असं कर, दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की मोठ्या माणसाला बरोबर घेऊन पाण्यात एक संत्रं टाक. ते बुडत नाही, लांबून दिसतं आणि हरवलं तरी कचरा होत नाही. पाच मिनिटांत ते किनाऱ्याला समांतर किती पावलं सरकलं आणि कुठल्या बाजूला, ते लिही. मॉरिशसच्या दोस्ताला त्याच दिवशी तेच करायला सांग. आणि संत्रं परत आलं तर खाऊ नकोस, खारट लागतं, आम्ही खाऊन बघितलंय.