काडतुसांचा साठा करू की कार्डाचं कर्ज फेडू?

प्रश्न: मी सॅन होजेला राहतो, ग्रीन कार्ड आहे. नऊ एमएमचं एक पिस्तूल आहे. महिन्यातून दोनदा नेमबाजीच्या रेंजवर जातो, दर खेपेला दीडशेक राउंड, म्हणजे काडतुसं, उडतात. सध्या रेंजवर एकच विषय: कॅलिफोर्निया सरकार काडतुसांच्या खरेदीवर महिन्याची मर्यादा आणणार म्हणे. लोक पेट्याच्या पेट्या उचलताहेत. बोनसचे कर वजा जाता 8,000 डॉलर हातात आलेत. त्यातल्या 6,000 ची काडतुसं घ्यावीत आणि मर्यादा आली की जास्तीची विकावीत, असा विचार आहे. मावसभाऊ एच-वन-बीवर आहे, तो निम्मे पैसे घालून निम्मा माल स्वतःच्या घरी ठेवायला तयार आहे. क्रेडिट कार्डावर 3,500 डॉलर थकलेत, व्याज 22 टक्के. बायकोचा विरोध आहे. काय करू?

उत्तर: बायकोचं ऐका. सगळं नाही, पण बरंचसं.

रेंजवरच्या चर्चेत तथ्य किती, हे बाजूला ठेवू. मर्यादा येणारच असं धरलं तरी तुमचा हिशेब जमत नाही.

तुमचा वापर महिन्याला 300, म्हणजे वर्षाला 3,600 राउंड. हजाराची पेटी 260 डॉलरला मिळते असं धरा. त्यावर 1 जुलै 2024 पासूनचा राज्याचा 11 टक्के कर आहे. तो कायद्याने दुकानदारावर असला तरी येतो तुमच्याच बिलात. वर सेल्स टॅक्स. पेटी 315 डॉलरच्या आसपास पडते. 6,000 डॉलरमध्ये एकोणीस पेट्या, म्हणजे पाच वर्षांहून जास्त पुरेल इतका माल. तेवढा काळ 3,500 डॉलर कार्डावर राहिले तर वर्षाला सुमारे 770 डॉलर नुसतं व्याज. काडतुसं दरवर्षी 22 टक्क्यांनी महाग होत राहिली, तरच हा सौदा बरोबरीत सुटेल.

तशी ती होत नाहीत. 2020 च्या सुरुवातीला नऊ एमएमचा राउंड वीस सेंटच्या आत-बाहेर मिळत होता. महामारी, दंगली आणि निवडणूक एकदम आली. वर्षभरात भाव साठ-सत्तर सेंटच्या पुढे गेला आणि दुकानांची फडताळं रिकामी झाली. 2023 पर्यंत तो पुन्हा पंचवीस सेंटच्या घरात उतरला. शिखरावर ज्यांनी गॅरेज भरलं, त्यांची काडतुसं अजून तिथेच आहेत. जुलै 2023 मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा आपल्या लोकांनी इंडियन स्टोअरमधून सोना मसुरीच्या गोण्या अशाच ओढल्या होत्या. ती घबराट आणि ही घबराट एकाच जातीची.

रेंजवरच्या मंडळींची चीड मात्र मला समजते. 2019 मध्ये ओरेगॉनच्या विधिमंडळात सिनेट बिल 501 आलं होतं: तीस दिवसांत वीस राउंड. तुमच्या एका खेपेलाही ते पुरले नसते. नेमबाजाला ही मर्यादा नव्हे तर बंदी वाटते, आणि ‘गुन्हेगार कुठे रांगेत उभा राहून घेतो’ हा त्यांचा सवाल. समर्थक म्हणतात, सामूहिक गोळीबार करणारे अनेक जण आधी कायदेशीरच खरेदी करतात. या वादात मी पडत नाही. पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की ते बिल मंजूर झालं नाही. कॅलिफोर्नियाचा ‘महिन्याला एकच बंदूक’ हा नियमही नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने (कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येतो ते फेडरल न्यायालय) जून 2025 मध्ये घटनाबाह्य ठरवला. काडतुसं घेताना होणाऱ्या ग्राहकाच्या पार्श्वभूमीच्या तपासणीविरुद्धच्या खटल्यात तर पहिलं नाव किम रोडचं आहे, सलग सहा ऑलिंपिकमध्ये पदक जिंकलेली नेमबाज. प्रस्ताव, कायदा आणि कोर्टात टिकलेला कायदा यांत पुष्कळ अंतर असतं. भाव मात्र नुसत्या प्रस्तावावरच उसळतो, आणि नेमके तेव्हाच तुम्ही खरेदीला निघालात.

आता विक्री. 2016 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव 63 नंतर कॅलिफोर्नियात तीस दिवसांत 500 हून अधिक राउंड विकायचे तर विक्रेत्याचा परवाना लागतो. दोन खाजगी माणसांतला व्यवहारही परवानाधारक दुकानामार्फत, समोरासमोर करावा लागतो. म्हणजे चढ्या भावाने विकून नफा कमवायचं तुमचं गणित इथेच संपतं. कुणी ‘शेजारच्या नेवाडातल्या रीनोला जाऊन स्वस्तात भरून आणू’ म्हणेल. बाहेरच्या राज्यातून माल थेट घरी आणायला 2018 पासून मनाई आहे. खटल्यांचं काहीही होवो, अंतिम निकालापर्यंत नियम लागू आहे असंच धरून चाला.

मावसभावाचा भाग मी पत्रात दोनदा वाचला. एच-वन-बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते त्याला लागू होतात का हे वकिलाला विचारल्याशिवाय एक डबीही त्याच्या घरी ठेवू नका. आणि त्याला जाणूनबुजून देणारा, म्हणजे तुम्ही, तोही गुन्हाच करतो. तुमचं नागरिकत्व अजून व्हायचंय. त्याचे निम्मे पैसे घेऊच नका; घेतले असतील तर परत करा, आजच.

साठवणीचंही बघा. नऊ एमएमची हजाराची पेटी बारा किलोच्या आसपास भरते. एकोणीस पेट्या म्हणजे सव्वादोनशे किलोंहून जास्त वजन अपार्टमेंटच्या कपाटात. शिवाय घराच्या किंवा भाडेकरूच्या बऱ्याच विमा पॉलिसींत बंदुका आणि त्यांच्या सामानाची चोरी झाली तर भरपाईला 2,500 डॉलरच्या आसपासची वेगळी मर्यादा असते. तुमची पॉलिसी काढून ते कलम वाचा.

मग करायचं काय? आधी कार्डाचे 3,500 पूर्ण फेडा. चार पेट्या घ्या, साधारण 1,260 डॉलर. वर्ष निघेल आणि उद्या मर्यादा आलीच तर सावरायला वेळ मिळेल. उरलेले सव्वातीन हजारांच्या आसपास अडीनडीच्या खात्यात टाका. बे एरियात नोकरी गेली तर दोन महिन्यांचं भाडंसुद्धा त्यात बसणं अवघड, म्हणून पुढच्या बोनसचा पहिला वाटाही तिथेच.

दुकानात जाण्याआधी एक काम: पिस्तूल घेतल्यावर घर बदललं असेल तर राज्याच्या बंदूक-नोंदीतला पत्ता बदलून घ्या. ओळखपत्रावरचा पत्ता जुळला नाही की तपासणी अडते आणि चार पेट्या काउंटरवरच ठेवून परत यावं लागतं.