ऑर्गनायझेशनल लीडरशिप शिकायला अमेरिकेत यावं का?

तुम्ही विचारलंय, की एचआरमध्ये काही वर्षं ट्रेनिंगचं काम केल्यावर अमेरिकेत कम्युनिकेशन आणि ऑर्गनायझेशनल लीडरशिपमध्ये मास्टर्स करावं का, आणि पुढे नोकरीचं काय. मी हेच शिकायला इथे आले आणि इथेच राहिले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कोर्स चालतो कसा ते बघा. लीडरशिपच्या बऱ्याच पदव्या इथे नोकरदारांसाठी आखलेल्या असतात, पुष्कळदा पूर्ण ऑनलाइन. वेबसाइटवर कॅम्पसचे फोटो कितीही सुंदर असोत, पूर्ण ऑनलाइन कोर्सवर आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठाने द्यायचा फॉर्म) मिळत नाही, आणि त्याशिवाय एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा नाही.

मग सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाच्या विषयाचा सरकारी क्रमांक, विचारा. ऑर्गनायझेशनल लीडरशिपचा कोड ५२.०२१३, तो स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) यादीत नाही. म्हणजे ओपीटी, शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी, फक्त १२ महिन्यांची, वरची २४ महिन्यांची मुदतवाढ नाही, आणि त्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. त्या मुदतवाढीमुळे कम्प्युटरवाल्यांना एच-१बीच्या (नोकरीच्या व्हिसाच्या) लॉटरीत दोन-तीनदा नशीब आजमावता येतं, आपल्याला जेमतेम एकदा. शिवाय एच-१बीसाठी पदवीचा कामाशी थेट संबंध दाखवावा लागतो, आणि ‘लीडरशिप’ हे नाव त्यासाठी फारच मोघम आहे. एक वाट मात्र आहे: विद्यापीठांतल्या नोकऱ्यांना एच-१बीची लॉटरी लागू नसते. आपल्या विषयाची माणसं तिथे लागतातही.

माझं स्पष्ट मत विचाराल तर लीडरशिपची पदवी सोडा आणि कम्युनिकेशन विभागातलं, कॅम्पसवरचं एमए बघा. त्यात ऑर्गनायझेशनल कम्युनिकेशनवर भर द्या. कारण पैशाचं आहे. पब्लिक स्पीकिंगचा कोर्स इथे असंख्य बॅचलर्सच्या मुलांना घ्यावा लागतो आणि तो शिकवतात बऱ्याच ठिकाणी मास्टर्सचेच विद्यार्थी. अशी टीएशिप (शिकवायला मदत करण्याची विद्यापीठातली नोकरी) मिळाली की फी माफ किंवा बरीच कमी, वर स्टायपेंड. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतल्या स्पीकिंगचे गुण इथे खरे कामी येतात. ट्रेनिंग दिलेल्या माणसाला वर्गापुढे उभं राहायची धास्ती नसते, ते अर्जात ठळक लिहा.

अभ्यास रटाळ असेल असं वाटत असेल, तर तसं नाही. ‘चॅलेंजर’ या नासाच्या अवकाशयानाची केस घ्या. जानेवारी १९८६, उड्डाणाची आदली संध्याकाळ. थंडीत ओ-रिंग (रॉकेटच्या सांध्यांतली रबरी सीलं) दगा देतील, उड्डाण नको, असं रॉकेट बनवणाऱ्या थायोकोल कंपनीचे इंजिनीअर फोनवरच्या बैठकीत सांगतात. नासा नाराजी दाखवते. कंपनीचे मॅनेजर बैठक थांबवून आपसांत बोलतात आणि इंजिनीअरांचा सल्ला फिरवतात. दुसऱ्या दिवशी यानातले सातही अंतराळवीर गेले. माहिती होती, बोलणारेही होते. मग ऐकलं का गेलं नाही? पुराव्याचा भार कुणावर टाकला गेला? अशा प्रश्नांवर तासन्‌तास वाद चालतो. वर्गात बोलण्याला गुण असतात, गप्प बसलात तर वाचून आला नाहीत असंच धरतात. एपीए शैलीत (संदर्भ देण्याची ठरलेली पद्धत) लिहिण्याची सवय मात्र आधीपासून लावून घ्या, पहिलं सत्र त्यातच जातं.

अर्ज भरण्यापूर्वी विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला सरळ ईमेल करा: गेल्या वर्षी एफ-१ वर किती जण होते, कितींना टीएशिप मिळाली, आज ते कुठे काम करतात? उत्तर गोलमोल आलं तर अर्जाची फी वाचवा.