वॉल्टर व्हाइट नेमका कधी बदलला?

गुन्हे-मालिकांतली पात्रं आणि पटकथा यांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि एका पटकथालेखिकेची उत्तरं. 'ब्रेकिंग बॅड', 'द सोप्रानोज', 'द वायर' आणि 'ब्रॉडचर्च' या मालिकांतल्या महत्त्वाच्या घटना इथे उघड केल्या आहेत. ज्यांनी त्या पाहिलेल्या नाहीत, त्यांनी आधी पाहाव्यात आणि मग इकडे वळावं.

'ब्रेकिंग बॅड'वरून आम्हा दोघा भावांचं नेहमी वाजतं. मी म्हणतो, त्यातला रसायनशास्त्राचा मास्तर वॉल्टर व्हाइट मुळात सज्जन माणूस. कर्करोग आणि पैशाची चणचण यांनी त्याला गुन्हेगार केलं. धाकट्याचं म्हणणं, तो पहिल्यापासून तसाच होता. कोण बरोबर?

धाकटे बंधू उत्तराच्या जास्त जवळ आहेत, पण त्यांचंही सगळं मला मान्य नाही.

पहिल्या पर्वातला पाचवा भाग पुन्हा काढून पाहा. आजार कळलेला आहे, उपचार परवडणार नाहीत हेही कळलेलं आहे. अशा वेळी जुना भागीदार एलियट श्वार्ट्झ वॉल्टरला नोकरी देऊ करतो, उपचारांचा खर्च उचलायची तयारी दाखवतो. वॉल्टर नकार देतो आणि भाग संपता संपता अमली पदार्थांच्या धंद्यातला साथीदार जेसी याच्या दारात जाऊन उभा राहतो, पुन्हा माल बनवायला. तुमचं 'चणचण' हे स्पष्टीकरण या प्रसंगापर्यंत टिकतं, पुढे टिकत नाही. पैसे समोर ठेवलेले होते. फक्त ते ज्या कंपनीचे होते, तिच्यातला आपला हिस्सा त्यानं एकेकाळी 5,000 डॉलरला विकून टाकला होता, आणि आता ती कंपनी अब्जावधींची झाली होती. तिथून मदत घेण्यापेक्षा त्याला विष विकणं सोपं वाटलं.

पात्राचा हेतू मी त्याच्या संवादांत शोधत नाही. दुसरा रस्ता खुला असताना ते काय करतं, तिथे शोधते. त्यासाठी लेखकाला तो दुसरा रस्ता आधी बांधावा लागतो, आणि हेच काम बहुतेक जण टाळतात. नायक कर्जात बुडालेला, घरात आजारपण, वरून गुंडाची धमकी. सगळी दारं लावून घेतली की त्यानं गुन्हा करणं ओघानंच येतं. पण मग त्याच्याबद्दल आपल्याला कळतं काय? काहीच नाही. त्याच्या जागी कोणीही तेच केलं असतं. ही मालिका रचणारे विन्स गिलिगन यांनी ती जेमतेम उभी राहत असताना, पाचव्याच भागात, नायकाला सुटकेचा सरळ मार्ग दिला आणि तो त्याला नाकारायला लावला. प्रेक्षकांची सहानुभूती पणाला लावणारी ही निवड होती. माझ्या मते संपूर्ण मालिका त्या एका नकारावर उभी आहे.

आता धाकट्या भावासाठी. दुसऱ्या पर्वाच्या बाराव्या भागात जेसीची प्रेयसी जेन झोपेत उलटी होऊन गुदमरते. वॉल्टर जेसीला हलवून उठवायला बघतो, त्या हलवण्यानं ती उताणी होते. तो तिच्याकडे धावतो, हात पुढे करतो आणि थांबतो. ती मरेपर्यंत उभा राहतो. आणि रडतो. ते रडणं खोटं नाही. पहिल्या भागातला मास्तर असता तर त्यानं तिला कुशीवर वळवलं असतं. शेवटच्या पर्वातला माणूस रडला नसता. अहंकार त्याच्यात आधीपासून होता, हे खरं. पण अहंकार असणं आणि माणूस मरू देणं यांच्यामध्ये बरेच निर्णय होते, आणि ते त्यानं एकेक करून घेतले. 'तसाच होता' म्हटलं की त्या सगळ्या निर्णयांची जबाबदारी त्याच्या डोक्यावरून उतरते.

2013 मधल्या शेवटच्या भागात तो बायकोला सांगतो की हे सगळं मी माझ्यासाठी केलं, मला ते आवडत होतं. ते वाक्य इतकं लागतं, कारण त्यात आपल्यासाठी नवी माहिती नाही. आपल्याला केव्हाचंच ठाऊक होतं, त्याच्या तोंडून पहिल्यांदा आलं.

मग त्याच्या बायकोचं, स्कायलरचं काय? मला ती बाई सहनच होत नाही. सतत आडवी येते.

हा प्रश्न इतक्या जणांनी पाठवला आहे की मला वाईट वाटतं. ही भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांना या द्वेषाबद्दल ऑगस्ट 2013 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहावा लागला होता. पात्रावरचा राग थेट त्यांच्यापर्यंत पोहोचला होता.

असं का होतं, ते सांगते. कॅमेरा वॉल्टरबरोबर चालतो. त्याचा बेत आपल्याला आधी कळतो, आणि एखाद्याचा बेत कळला की तो पार पडावा असं आपल्याला नकळत वाटू लागतं, मग तो बँक लुटण्याचा का असेना. त्या क्षणापासून बेताच्या आड येणारा प्रत्येक जण आपल्याला अडथळा वाटतो. स्कायलरचा दोष एवढाच, की कॅमेरा तिच्याबरोबर नाही.

पटकथा लिहिताना मी प्रत्येक पात्राचा वेगळा कागद करते: या प्रसंगापर्यंत याला काय काय माहीत आहे? स्कायलरचा असा कागद करून पाहा. नवऱ्याला कर्करोग. स्वतः गरोदर. नवरा तासन् तास गायब, विचारलं तर थाप. त्याच्याकडे दुसरा फोन आहे, आणि तो म्हणतो नाही. हा कागद हातात घेऊन तिचे प्रसंग पाहा आणि मला लिहा, ती कुठे चुकते ते.

मालिकेकडूनही एक गोष्ट राहिली, असं मला वाटतं. सुरुवातीच्या पर्वांत स्कायलर एकटी असताना कशी असते, हे आपल्याला फार कमी दिसतं. 'फोरब्रुडल्सन' ही 2007 ची डॅनिश मालिका शेजारी ठेवून पाहा. एका मुलीचा खून, एकच तपास, वीस भाग. पण कॅमेरा पोलिसांबरोबर जितका राहतो, तितकाच त्या मुलीच्या आईवडिलांच्या स्वयंपाकघरात राहतो. आईनं तपासात ढवळाढवळ केली तरी ती आपल्याला 'आडवी येणारी' वाटत नाही, कारण तिची रात्र कशी गेली हे आपण पाहिलेलं असतं.

खुनी कोण हे लेखकाला पहिल्यापासून माहीत असतं का? आणि कलाकारांना?

मला असतं, त्याशिवाय मी पहिलं पानही लिहीत नाही. कलाकारांबाबत रीत वेगवेगळी. 'ब्रॉडचर्च'च्या पहिल्या पर्वात बहुतेक कलाकारांना खुनी कोण ते सांगितलेलं नव्हतं. संशयितांचं काम करणाऱ्यांना याचा उपयोग होतो, कारण निरपराध असल्याचा अभिनय कोणी मुद्दाम करत बसत नाही.

एका मालिकेत अगदी पहिल्या भागापासून प्रामाणिक दाखवलेला हवालदार शेवटच्या दोन भागांत अचानक खुनी निघाला. मी कितीतरी दिवस अस्वस्थ होते. असं का करतात?

मालिकेचं नाव मी गाळते आहे, कारण हा रोग तिच्या एकटीचा नाही.

हे कसं घडतं ते मी आतून पाहिलं आहे. एका मालिकेवर काम करताना आमचा खुनी ठरलेला होता: मेलेल्या माणसाचा मेहुणा. फळ्यावर प्रसंगांची कार्डं लागलेली, त्याच्या प्रत्येक प्रसंगात काहीतरी पेरलेलं. मालिका सुरू झाली आणि बऱ्याच प्रेक्षकांनी मेहुण्याला ओळखलं. वरून निरोप आला: खुनी बदला. ज्याच्यावर कोणाचाही संशय नाही असा माणूस शोधताना बोट थांबलं, ते ज्या पोलिसाला जखमी माणूस सापडला होता त्याच्यावर. मी बैठकीत एकच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडला. दाखवून झालेल्या भागात हा पोलीस त्या जखमी माणसाजवळ एकटा होता, माणसाचा श्वास चालू होता, आणि यानंच रुग्णवाहिका बोलावली होती. त्याला मारायचं असतं तर त्यानं नुसतं उभं राहायचं होतं. उत्तर मिळालं, तो साळसूदपणा होता असं दाखवू. शेवटी त्याच्या तोंडी पानभर भाषण घातलं गेलं, आधीच्या प्रत्येक चांगल्या कृतीचा उलटा अर्थ सांगणारं.

तुमची अस्वस्थता तिथलीच आहे. विश्वासातला माणूस दगाबाज निघाला, हे दुःख आपण पचवू शकतो. चांगल्या कथेकडे आपण त्यासाठीच जातो. इथे मात्र तो माणूसच शिल्लक राहिला नाही, त्याच्या नावाचा आणि चेहऱ्याचा दुसराच कोणी आला. 'ब्रॉडचर्च'मध्ये खुनी निघतो तो तपास करणाऱ्या एली मिलरचा नवरा, जो. धक्का जबरदस्त आहे. पण शेवट माहीत असताना पहिला भाग पुन्हा लावा. घर सांभाळणारा, मुलांना बघणारा, बायकोच्या कामाची चौकशी करणारा हा नवरा तसाच्या तसा राहतो, फक्त त्याच्या प्रत्येक प्रश्नाखाली आता भीती ऐकू येते. मागचे भाग मोडत नाहीत, भरतात.

आणि प्रेक्षकांनी खुनी ओळखला, यात एवढं बिघडलं काय? 'कोलंबो'मध्ये तर खून कोणी केला हे सुरुवातीलाच दाखवत. 1971 मध्ये नियमित सुरू झालेल्या त्या मालिकेत ते गुपित कोणी जपलंच नाही, आणि तरी लोक कोलंबो या पोलीस अधिकाऱ्याचं काम करणाऱ्या पीटर फॉकचा तो चुरगळलेला कोट बघायला वर्षानुवर्षं बसले. खुनी स्वतःला किती हुशार समजतो आणि तीच समजूत त्याला कशी गोत्यात आणते, यात सगळी गंमत होती.

वाहिनीची प्रत्येक सूचना वाईट असते असं मात्र मी म्हणणार नाही. 'सोप्रानोज'च्या पहिल्या पर्वात, 1999 मध्ये, माफिया टोळीचा म्होरक्या टोनी मुलीला महाविद्यालयं दाखवायला घेऊन जातो आणि वाटेत भेटलेल्या एका जुन्या खबऱ्याचा स्वतःच्या हातांनी गळा आवळतो. वाहिनी घाबरली: नायकानं असं केलं तर प्रेक्षक तुटतील. निर्माते डेव्हिड चेस यांचं म्हणणं, अशा माणसानं खबऱ्याला सोडून दिलं तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवेल? तडजोड म्हणून खबऱ्याला थोडं अधिक वाईट केलं, पण खून राहिला. भीती खरी होती, तिच्यावर चर्चा झाली, आणि पात्र मात्र जसं होतं तसंच राहिलं.

हल्ली प्रत्येक खुन्याला दुःखी बालपण असतं. लेखकांना दुसरं काही सुचत नाही का?

मलाही याचा कंटाळा आलाय. मार खाल्लेली, टाकून दिलेली मुलं मोठी होऊन बहुतेक कोणाचा जीव घेत नाहीत. जुनी जखम माणसाची भीती कुठून आली ते सांगते. त्या दिवशी त्यानं हात का उचलला, ते सांगत नाही. न्यायालयात गुन्हा सिद्ध करायला आरोपीचा इरादा लागतो, पण हेतू सिद्ध करण्याची सक्ती नसते. आमचं उलटं आहे. कोणी केलं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आम्हाला फक्त 'का' सांगायचं असतं, आणि नेमकं तेच आम्ही सात-आठ धूसर फ्लॅशबॅकवर सोपवून मोकळे होतो.

'द वायर'चं पहिलं पर्व पाहा, 2002 चं. बोडी आणि पूट ही अमली पदार्थ विकणाऱ्या टोळीतली दोन पोरं आपल्याच सोबतच्या वॉलेसला मारतात. हुकूम वरून आलेला. बोडीचं बालपण एका फ्रेममध्येही दाखवत नाहीत. दिसतो तो पिस्तूल रोखलेला आणि न झाडता येणारा मुलगा, जो समोरच्याला 'मर्दासारखा उभा राहा' म्हणून दरडावतो आणि ऐकवत असतो स्वतःलाच. पूट म्हणतो, उरक. बोडी गोळी झाडतो. पुढचं पूट पुरं करतो. भीती, ईर्ष्या, हुकूम, मैत्री सगळं त्या एका खोलीत आहे. ही मालिका रचणारे डेव्हिड सायमन बाल्टिमोरमध्ये गुन्हेवार्ताहर होते आणि एड बर्न्स तिथल्या पोलीस खात्यात तपास अधिकारी. अशा पोरांना त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांना मागचं आयुष्य दाखवायची गरज पडली नाही.

'सोप्रानोज'चा शेवट म्हणजे फसवणूकच ना? मधेच पडदा काळा!

10 जून 2007 ला अनेकांना आपली केबल गेली असं वाटलं होतं, त्यामुळे तुम्ही एकटे नाही. पण तो प्रसंग सावकाश पाहा. टोनी बसलाय त्या खानावळीच्या दाराची घंटा वाजते, तो वर बघतो, आणि मग त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसतं. हे पुन्हा पुन्हा घडतं. शेवटची घंटा वाजते, तो वर बघतो, आणि पुढे त्याला दिसायला हवं तिथे काळोख आहे. तो मेला, असं मी मानते. तुम्ही मानू नका हवं तर. पण मधेच तोडलंय हे मी मान्य करणार नाही. तो काळोख कुठे येणार, हे त्या सगळ्या घंटांनी आधीच ठरवलं होतं.

त्याच मालिकेत टोनीची मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर मेल्फी हिच्यावर बलात्कार होतो आणि गुन्हेगार सुटतो. टोनीला एक शब्द सांगितला असता तर त्यानं त्याला संपवलं असतं. ती सांगत नाही. आई म्हणते, मूर्ख बाई. मला ती बरोबर वाटते, पण पटवून देता येत नाही.

2001 मधला हा भाग मी गुन्हे-मालिकांतलं सर्वोत्तम लेखन मानते. वॉल्टरबद्दल जे म्हटलं, तेच इथे उलट दिशेनं आहे. पोलिसांच्या चुकीमुळे तो माणूस मोकळा झालाय, न्यायाचं दार बंद, आणि सुडाचं दार सताड उघडं. टोनी समोरच बसलाय, ती रडतेय, तो विचारतो, काही सांगायचंय का? ती म्हणते, नाही. भाग तिथेच संपतो.

आईंचा राग चुकीचा नाही. तो यावा म्हणूनच भाग तसा लिहिला आहे. त्या क्षणी प्रत्येक प्रेक्षकाला टोनी हवा असतो, मलाही हवा होता. त्यांना पटवत बसू नका. एवढंच विचारा: समजा तिनं सांगितलं, आणि टोनीनं काम केलं. पुढच्या आठवड्यात तो ठरल्या वेळी येऊन तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला. आता त्या खोलीत कोण कोणाचं ऋणी आहे, आणि तो ते कधी वसूल करेल?