वही कुठे आहे?

बेटा,

परवा तू ओट्यावर बसून पिशवीतून कागद काढत होतीस, तेव्हा तुझी काकू आतून मोजत होती. एकोणीस निघाले. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या पीजीएस पद्धतीचं माहितीपत्रक, शेतमालाच्या निर्यातीचं बघणाऱ्या अपेडाच्या नियमांची झेरॉक्स, आत्मा या जिल्ह्याच्या कृषी यंत्रणेच्या कार्यालयातला अर्ज, शेतकरी उत्पादक कंपनी कशी काढायची त्याची पुस्तिका आणि प्रक्रिया उद्योगाच्या अनुदानाचं पान. त्या पानावर तू हिरव्या पेनाने रेघा मारलेल्या. "नाना, यातलं आधी काय करू?" असं तू तीनदा विचारलंस आणि मी तीनदा चहा पुढे केला. शेवटी मी एवढंच विचारलं, वही कुठे आहे? तू म्हणालीस, "कसली वही?" मग मला काही बोलवेना. तू एसटी चुकेल म्हणून उठलीस, तोंड उतरलं होतं तुझं. म्हणून लिहायला बसलो.

शेती करावी की पुण्याला परत जावं, विष न घालता पिकतं की नाही, हे तू ठरवूनच आली आहेस. त्यावर शाई घालवत नाही. तुझ्या कागदांचं आधी उरकतो, नाहीतर म्हणशील नानांनी वहीचंच कीर्तन लावलं.

पीजीएस म्हणजे पाच शेतकऱ्यांचा गट जमवायचा, एकमेकांच्या शेतात जाऊन आपणच तपासणी करायची. खर्च जवळजवळ नाही, देशात विकायला चालतं. माल परदेशी जायचा असेल तर एनपीओपी, म्हणजे केंद्राचं सेंद्रिय प्रमाणन. ते २००१ पासून अपेडा चालवते. त्यात बाहेरची प्रमाणन संस्था येते, फी घेते. हंगामी पिकाला रासायनिकातून सेंद्रियात रूपांतराची दोन वर्षं, आंबा-लिंबासारख्या झाडांना तीन. तापीकाठी दादर ज्वारी आणि तूर पेरणाऱ्या तुला आज पहिलं पुरे. आणि भौगोलिक मानांकनाचा कागद तू त्याच टाचणीत अडकवला आहेस, तो आधी वेगळा कर. जळगावच्या केळीला, आपल्या भरिताच्या वांग्याला, नवापूरच्या तूरडाळीला ते मानांकन आहे. ते माल कुठला हे सांगतं. त्यावर फवारा मारला की नाही, हे ते विचारत नाही. ही गल्लत शिकलेली माणसंही करतात, तुला एकटीला काय बोलू.

परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ पासून चालू आहे. वीस हेक्टरचा समूह करायचा, तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये, त्यातले १५,००० निविष्ठांसाठी, म्हणजे बी-खतासाठी, शेतकऱ्याच्या खात्यात. तुझ्या बापाची जमीन सव्वा हेक्टर. म्हणजे तीन वर्षांत हातात १८,७५० रुपये. एवढ्यात आज बैल तरी येतो का? घे, नको म्हणत नाही. पण त्या पैशासाठी शेती बदलणार असशील तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी युरियाच्या रांगेत दिसशील. असे गट मी पाहिले आहेत. फलक गंजून गेले तरी बांधावर उभे आहेत.

नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियान केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलं, २,४८१ कोटींचं. त्यात देशभर १५,००० समूह करायचे आहेत आणि समूहांना मार्गदर्शन करणाऱ्या कृषी सखी द्यायच्या आहेत. हे मात्र तुझ्या कामाचं आहे, कारण सातबाऱ्यावर तुझं नाव नाही. उमेद या सरकारी अभियानाच्या बचत गटात शिर, कृषी सखी हो. दादरीचं पीठ आणि बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, विकायचे म्हणतेस ना, त्यालाही तोच रस्ता. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त १० लाख, पण ते बँकेच्या कर्जाला बांधलेलं. बचत गटातल्या बाईला बीजभांडवल ४०,००० पर्यंत. आधी चाळीस हजारांच्या बिबड्या विकून दाखव, मग गिरणीचं बघू. आणि उत्पादक कंपनीचा विचार आत्ता डोक्यातून काढ. कायद्याला दहा उत्पादक पुरतात, पण केंद्राच्या योजनेचा पैसा हवा तर सपाटीवर तीनशे सभासद लागतात. तुला आज गावात दहा बायका नावाने ओळखतात का?

झाले कागद. आता वही.

वहीत नाही ते शेतात झालंच नाही. हे वाक्य मी इतक्यांदा बोललो आहे की नातू माझी नक्कल करतो. करू दे.

२०११ च्या खरिपातली तूर. आमचा २३ जणांचा गट होता, त्यात तुझा बाप होता, हे तुला माहीत आहे. गटाचा सचिव मी होतो, हे तुला कोणी सांगितलं नसेल. फुलोऱ्यात अळी आली. निंबोळी अर्क संपला होता, निंबोळ्या उन्हाळ्यात वेचायच्या राहिल्या होत्या. मी बाजारातून एक बाटली आणली. वर कडुनिंबाच्या पानाचं चित्र आणि शंभर टक्के सेंद्रिय असं छापलेलं. संध्याकाळी फवारली, सकाळी अळ्या खाली पडलेल्या. तेव्हाच माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला हवा होता. कडुनिंब असा झटक्यात मारत नाही. तो अळीचं खाणं तोडतो, वाढ रोखतो, तीन-चार दिवस घेतो. मी मात्र खूश. बिल खिशात ठेवलं, सदरा धुवायला गेला, बिलाचा लगदा झाला.

जानेवारीत माल गोळा केला. १८० पोती, एका थप्पीत. घेणाऱ्याने नमुना लॅबला पाठवला आणि त्यात कीटकनाशकाचा अंश निघाला. बाटलीत भेसळ होती. त्याने साधं विचारलं, कोणाचं शेत, कोणती फवारणी, कोणती तारीख, बाटलीचा बॅच नंबर काय, आणि त्या शेतातली पोती कोणती? माझी पोती चौदा होती. पण थप्पीतली चौदा कोणती, हे मलाच सांगता येईना. एकाही पोत्यावर चिठ्ठी नव्हती. चौदा बाजूला काढली असती तर १६६ वाचली असती, इतका सोपा हिशेब आहे हा. सगळीच्या सगळी आडतीवर साध्या भावाने गेली. त्यात तुझ्या बापाची अकरा होती.

गुढीपाडव्यापर्यंत गट फुटला. पुढच्या मृगाला तुझ्या बापाने युरियाच्या गोण्या आणल्या आणि बैलगाडी माझ्या दारावरून नेली. त्याचा रस्ता तो नाही. मुद्दाम नेली.

आता माझीही बाजू ऐक, एवढी वर्षं कोणी विचारली नाही. बाटलीत काय आहे हे मला कळायला मार्ग नव्हता. छापलेल्यावर विश्वास ठेवला, ही काय चोरी झाली? आणि वही माझी नव्हती तशी गटात एकाचीही नव्हती, तुझ्या बापाचीही नव्हती. मग सगळ्यांनी मिळून माझ्याच नावाने बोटं मोडायची, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण सचिव मी होतो. पोत्यावर चिठ्ठी लावायला सुतळी आणि पुठ्ठा लागतो, दुसरं काही लागत नाही. ते मी केलं नाही.

तेव्हापासून लिहितो. कोणी हसलं तरी लिहितो. थोरलीच्या हळदीच्या दिवशी अवकाळी पाऊस आला, मांडव भिजला, सगळे धावपळ करत होते आणि मी पर्जन्यमापक बघायला गेलो. वहीत आहे, १७ मिलिमीटर. तुझी काकू ते अजून विसरलेली नाही.

वही म्हणजे काय ते तुला कळावं म्हणून गेल्या साली लिहिलेलं एक पान जसंच्या तसं उतरवतो:

"१४ जून. खालचं शेत. ताग पेरला, एकरी २० किलो, बियाणं घरचं.
२९ जुलै. ताग गाडला. फूल येऊ दिलं नाही.
३ ऑगस्ट. विहिरीचं शेत, तूर. शेजारी कपाशीवर फवारणी, सकाळी ९. वारा पश्चिमेचा, आपल्याकडे. बांधालगतच्या चार ओळी वेगळ्या कापायच्या, पोती वेगळी.
१८ ऑगस्ट. जीवामृत एक टाकी. पाणी २०० लिटर, शेण १० किलो, गोमूत्र ८ लिटर, गूळ २ किलो, बेसन २ किलो, बांधाची मूठभर माती. गूळ-बेसन दुकानचं, बिल चिकटवलं."

बघ, यात एकही शब्द सजवलेला नाही. "पिकाची स्थिती समाधानकारक" असलं काही लिहायचं नाही, ते साहेबांच्या दौऱ्याला ठेव. शेजाऱ्याची फवारणी का लिहिली, विचारशील. उद्या नमुन्यात काही निघालं तर त्या चार ओळींकडे बोट दाखवता येतं. शेजाऱ्याशी भांडण करायला लिहिलेलं नाही. उलट वही लिहायला लागल्यावर तिसऱ्या वर्षी असलीच पानं मी त्याला वाचून दाखवली. तेव्हापासून तो फवारणीच्या आदल्या दिवशी हाक मारतो आणि मी माझ्याकडून बांधावर मक्याच्या सहा ओळी दाट लावतो. हे प्रमाणपत्राने झालं नसतं.

आता तुझे एकोणीस कागद परत उघड आणि प्रत्येकाच्या मागे काय मागितलंय ते वाच. पीजीएसचा तपासणारा काय विचारेल? आधी काय घातलं, बियाणं कुठलं, खत कुठलं. एनपीओपीवाला तेच विचारेल, जास्त खडूसपणे. बँकेचा माणूस विचारेल, एकरी खर्च किती, माल किती निघाला, कोणाला विकला. आणि यातलं कुठलंच प्रमाणपत्र हातात नसताना तू दादर थेट खाणाऱ्याच्या घरी विकायला गेलीस, तर लहान शेतकऱ्याला २०१७ च्या अन्न सुरक्षेच्या नियमांत तशी मुभा आहे. प्रमाणित सेंद्रिय मालावर असतं ते जैविक भारतचं चिन्ह मात्र लावता येणार नाही. मग जळगावच्या फ्लॅटमधली बाई दारात विचारेल, "कशावरून विषमुक्त?" तिला काय दाखवशील, चेहरा? वही दाखव. एका वहीवर सगळे कागद चालतात. वही नसेल तर सगळे मिळूनही पिशवीचं वजनच वाढवतात. किती वेळा सांगू?

पहिलं पान मातीचं. पाल नाहीतर ममुराबाद, जे कृषी विज्ञान केंद्र सोयीचं पडेल तिथे नमुना दे आणि अहवाल चिकटव. दुसऱ्या पानावर गेल्या तीन वर्षांत शेतात काय काय पडलं ते लिही. तुझ्या बापाला विचारून, खरं. युरिया घातला असेल तर युरिया लिही, तणनाशक मारलं असेल तर ते लिही. इथेच लोक खोटं बोलतात आणि मग पुढची सगळी पानं खोटी होतात. तो चिडेल. "त्या सचिवानं शिकवलं का?" असंही म्हणेल. म्हणू दे.

नावाचं काय, म्हणतेस. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क २००५ पासून कायद्याने आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण मी तुला तलाठ्याच्या दारात आणि घरच्या भांडणात आजच ढकलणार नाही. खालचा अर्धा एकर मागून घे. नोंदणी बापाच्या नावाने होऊ दे. वहीतलं अक्षर कोणाचं आहे ते दोन वर्षांनी सगळ्यांना दिसेल, त्यालाही.

जमलं तर धुळ्याच्या साक्री तालुक्यात बारीपाड्याला एकदा जाऊन ये. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरवाले धावले. पण गावाने जंगल राखायला घेतलं ते नव्वदच्या दशकात. नियम गावाचे, राखणही गावाची. तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते. एकेक बाई पानावर भाजी मांडून नाव काय, कुठे उगवते, कशाला चालते, घडाघडा सांगते. मी ऐकत उभा राहिलो आणि मला एवढंच वाटलं, हे कोणीतरी लिहून ठेवलंय ना? तू म्हणशील, नाना तिथेही वहीच. हो, तिथेही.

पुढच्या मंगळवारी नको, त्याच्या पुढच्या मंगळवारी ये. साधी दोनशे पानी वही, पुठ्ठा जाड बघून घे. मोबाइलमध्ये लिहिते म्हणू नकोस, शेणाच्या हाताने मोबाइल कोण उघडतं? पंधरा दिवसांच्या नोंदी असतील तर सगळे कागद मी तुझ्याबरोबर बसून भरतो, आत्माच्या कार्यालयातही येतो. नोंदी नसतील तर चहा पिऊन जा, कागद आणू नकोस.

आणि येताना घरची दादर पाच किलो आण. फुकट नाही, विकत घेतो, बाजारभावापेक्षा दोन रुपये जास्त देईन. पावती मात्र हवी. तारीख घाल, शेत कोणतं ते घाल, आणि ती रासायनिकच असेल तर तसंच लिही.

तुझा,
नाना